लाभ सोडून चार

ज्ञानोबाशेटच्या दुकानासमोर भर सकाळी नाचणीचं पोतं उलथलं, रस्ता तांबडा झाला आणि भोरातल्या झाडून साऱ्या कोंबड्या आवतण मिळाल्यासारख्या तिथं जमल्या, त्याला कारण मी. वास्तविक त्या वेळी मी माझ्या ओट्यावर अर्ध्या गालाला साबण लावून बसलो होतो. पण "हे तुला सांगितलं कुणी?" असं शेटनं विचारल्यावर धोंडाबाईनं सरळ आमच्या घराकडे बोट केलं, आणि मला साबणासकट हजर व्हावं लागलं.

ही तेहेतीस सालच्या श्रावणातली गोष्ट. मी भोर संस्थानच्या दप्तरात कारकून होतो. आमच्या घरामागची पडवी घरमालकानं हैबती धनगराला राहायला दिली होती. हैबतीची वस्ती वेल्ह्याच्याही वर, तोरण्याच्या सोंडेवर. आदल्या साली त्याची मेंढरं रोगानं गेली, तेव्हा कुणाच्या तरी वशिल्यानं तो संस्थानच्या कोंडवाड्यावर राखणदार म्हणून लागला. मेंढरं दुसऱ्याच्या पिकात घुसली म्हणून जन्मभर शिव्या खाल्लेला माणूस आता दुसऱ्याची गुरं कोंडून ठेवत होता. त्याची त्याला इतकी लाज वाटायची, की कोंडलेल्या गाईला तो आधी पाणी दाखवायचा, मग वैरण घालायचा आणि मग माफी मागितल्यासारखा तिच्याशेजारी बसून राहायचा.

धोंडाबाई ही त्याची बायको. उंच, काटक, चालायला लागली की वाटेतल्या माणसानं आपण होऊन बाजूला व्हावं अशी. वस्तीवरून उतरताना तिनं एक पोतं नाचणी, एक पितळी चरवी आणि दोन घोंगड्या एवढा संसार आणला होता. भोर म्हणजे तिला परमुलूखच. मीठमिरची सोडली तर खायची वस्तू दुकानातून विकत आणायची असते हे तिनं पाहिलेलंच नव्हतं. वस्तीवर थोडी नाचणी उतरणीच्या रानात पिकायची. बाकीचं धान्य यायचं ते मेंढरांच्या पुण्याईनं. शेतकरी रानात रात्रभर मेंढरं बसवून घ्यायचे आणि त्या खताच्या बदल्यात धनगराला धान्य मोजून द्यायचे.

पोतं अर्ध्यावर आल्यावर तिनं मला विचारलं होतं, "भाऊसायेब, हितले वाणी लाभ देत्यात का?"

मी कारकून. आलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी प्रश्न नीट वाचायची आम्हांला सवय नसते. मी म्हटलं, "देतात म्हणजे? लाभाशिवाय माप उचलतच नाहीत."

आता धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात, हे साऱ्यांना ठाऊक आहे. लाभ, दोन, तीन, चार, झाले चार. पण धोंडाबाईच्या वस्तीला लाभ वेगळा होता. तिथं शेतकरी धनगराला मोजून द्यायला बसला की पहिलं माप लाभाचं. ते देवाचं आणि कळपाचं, मोजणीबाहेरचं. त्यानंतर एक, दोन, तीन, चार. चार कबूल केले की पाच पडायचे. जो शेतकरी लाभ मोजणीत धरील त्याच्या रानात पुढच्या साली मेंढरं बसायची नाहीत, इतकी ती अब्रूची बाब होती.

तेव्हा ज्ञानोबाशेटनं चार शेर मोजून माप खाली ठेवलं, तशी धोंडाबाई म्हणाली की एक राहिला. शेट म्हणाले, चार झाले. ती म्हणाली, लाभ सोडून तीनच झाले. शेट म्हणाले, लाभ कशाला सोडायचा, तो काय सोडायला मी कीर्तनकार आहे? मग राहिलेला शेर आपणच घ्यावा म्हणून तिनं मापाला हात घातला, शेटनं दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि दोघांच्या ओढाताणीत ज्याचा काहीच संबंध नव्हता ते पोतं आडवं झालं.

चिखलातून भरता आली तेवढी नाचणी मी विकत घेतली. दुसरा इलाजच नव्हता. आमच्या कुटुंबाचं नाव सौदामिनी, आणि माहेरच्यांनी ते विचार करून ठेवलेलं. तिनं ते गाठोडं उघडून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "नाचणीचं सत्त्व तान्ह्या मुलांना देतात. आपल्याकडे तान्हं कोण आहे, तुमच्याशिवाय?"

संध्याकाळी मी धोंडाबाईला लाभाचा शास्त्रार्थ समजावला. एक म्हटलं की माणूस एकटा पडतो, म्हणून एक न म्हणता लाभ म्हणायचं. तो नुसता शब्द आहे, शेर नव्हे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "द्यायचा न्हाई तर नाव कशाला घ्यायचं?"

मग तिनं जाहीर केलं की भोरातली सगळी दुकानं बघितल्याशिवाय ती दाणा विकत घेणार नाही. मला हसू आलं. हैबतीला आलं नाही. तो दाराशी बसून पोत्याकडे बघत होता. मग त्यानंच मला खरी अडचण सांगितली.

त्याच्या आईचा, सोजराबाईचा, सुनेला खाली पाठवायला मुळीच रुकार नव्हता. वर चार शेरडं होती, गाय होती, उतरणीचं रान होतं. हातांची गरज होती. म्हातारीचं म्हणणं, नोकरीच्या धान्यावर धनगराचा संसार चालत नसतो. शेवटी ठरलं ते असं: दसऱ्यापर्यंत बघायचं. पगारातून घेतलेलं धान्य पगार ते पगार पुरलं तर धोंडाबाई भोरात राहील. मध्येच मडकं रिकामं झालं तर म्हातारी येऊन सुनेला वर घेऊन जाईल, आणि हैबती एकटा राहील, मिळेल तिथं भाकरी खाईल.

मी धोंडाबाईला म्हटलं, त्यात एवढं काय, वर्षातून चारदा भेटालच. ती चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "लगीन होऊन बारा वर्सं झाली. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकनात जायचं, मिरगाला यायचं. आठ म्हैने त्ये तिकडं, म्या हिकडं. औंदा पैल्यांदा मानूस रोज दिसतुया. म्या न्हाई जानार." आणि विषय संपल्यासारखं तिनं लाकडाचं दुसरं टोक पुढं सारलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला सल्ला द्यायला लागले. मी म्हटलं, ज्ञानोबाशेटशी मीच बोलतो. आमच्या आजोबांपासून आमचं सामान तिथून येतं, माणूस सोन्यासारखा आहे. हैबती म्हणाला, बाकीचे शिपाई गेनबाकडं जातात, आपणही जावं. आठवड्याच्या बाजाराचा त्या दिवसांत उपयोग नव्हता. ऐन पावसाळ्यात शेतकऱ्याच्याच घरी दाणा नसतो, तो बाजारात काकड्या आणून बसतो. धोंडाबाईनं सगळ्यांचं ऐकलं आणि कुणाचंच केलं नाही. ती रोज सकाळी घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन एकेका दुकानासमोर जाऊन बसायची. विकत काही घ्यायची नाही. नुसती बघायची. मेंढरू घ्यायच्या आधी त्याचे दात, पाय, शेपूट बघावी तशी ती दुकानं बघत होती. तीन दिवस ती ज्ञानोबाशेटच्या दुकानासमोर बसली, तेव्हा शेटनं मला निरोप पाठवला, की त्या बाईला सांगा, तिला पाचवा शेर फुकट देतो, पण समोरून उठवा. मी सांगितलं. ती म्हणाली, "एकदा देईल. मंग?"

घरातलं पोतं मात्र बसत चाललं होतं. हैबतीच्या ताटात दोनच्या दोन भाकऱ्या असायच्या. धोंडाबाईच्या ताटात काय असायचं ते आम्हांला दिसायचं नाही, कारण ती दाराकडे पाठ करून जेवायची. सौदामिनीनं एकदा भाताची वाटी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी ती वाटी घासून परत आली, आत चार ओल्या मिरच्या होत्या. रिकामी वाटी धाडायची नाही हे त्यांच्याकडेही होतं आणि आमच्याकडेही.

चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "चला भाऊसायेब. तुमी एक शेर घ्या, म्या एक घेती."

आम्ही दोघं ज्ञानोबाशेटकडे गेलो. मी शेरभर नाचणी घेतली. तिनं शेरभर घेतली. घरी येऊन तिनं चरवी पुढं ओढली. चरवीच्या पोटावर आतून दिसणारा एक वळ होता, तिच्या वस्तीवरचा शेर तिथवर यायचा. तिनं तिची नाचणी ओतली. ती वळाच्या बोटभर खाली राहिली. ती काढून माझी ओतली. ती वळाच्या दोन बोटं वर गेली. सौदामिनी दारात उभी होती. तिनं चरवीत डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमाला मापावर ढीग करून शीग लावत्यात," धोंडाबाई म्हणाली. "आमाला हात फिरवत्यात, त्यो बी वाकडा करून."

तीस वर्षं मी त्या दुकानाची तारीफ करत आलो होतो. ते सारं खरं होतं, फक्त माझ्यापुरतं होतं. मला राग आला, आणि रागावलेला कारकून करतो ते मी केलं: संध्याकाळी जाऊन शेटकडे चौकशी केली. शेटनं पाट दिला, सुपारी दिली आणि अगदी मायेनं म्हणाले, "पंत, तुमची शीग कुठून तरी यायलाच पाहिजे ना?"

मी सुपारी परत ठेवून आलो. एवढंच करू शकलो.

त्यानंतर भाद्रपदात गेनबा. गेनबाचं दुकान मोटार थांबते तिथं होतं, माणूस तोंडाचा गोड. धोंडाबाईनं लाभ सोडून चार मागितले, तर तो हसून म्हणाला, "आवं मावशी, लाभ काय मोजायचा असतुया व्हय? घ्या की." आणि त्यानं पाच शेर घातले, वर बिरोबाच्या नावानं चिमूट. धोंडाबाई त्या दिवशी घरी आली ती जवळजवळ हसत. हैबतीनं देवाला हात जोडले. मी म्हटलं, सुटलो. मग तिनं चरवी घेतली. वळापर्यंत भरून एकेक चरवी बाजूला ओतली. तीन भरल्या. चौथी भरायला घेतली. ती वळाच्या तीन बोटं खाली राहिली. तेव्हा कळलं, की पाच आले होते पण चार आले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, गेनबा मागं वळला तेवढ्यात तिनं मापात हात घालून तळ चाचपला. तळ आत ठोकलेला होता, जुन्या पातेल्याला पोचा पडावा तसा.

तिला ते लागलं. फसवणूक झाली म्हणून नव्हे. लाभाच्या नावानं झाली म्हणून. त्या रात्री तिनं चरवी पालथी घालून ठेवली. पोत्यात आता ढवळायला हात घातला तर तळ लागायचा आणि कोपर दाण्याबाहेर राहायचं. दसरा अठरा दिवसांवर होता. मी हैबतीला म्हटलं, घरातून दोन पायल्या तांदूळ देतो, म्हातारीला काय कळतंय. आतून धोंडाबाईचा आवाज आला, "मला कळतंय न्हवं." आणि तांदळाचा विषय तिथंच मिटला.

राहिलं एक दुकान. नीरेच्या घाटाकडे उतरताना डाव्या हाताला बाळाबाईचं. या दुकानात शहाणा माणूस जात नसे. अंधारं, ओलसर, दोन पोती आणि चार डबे. बाळाबाई विधवा, साठीची, आणि तिचं तोंड असं, की गिऱ्हाईक दुकानात शिरण्याआधीच अर्धं भांडण होऊन गेलेलं असे. धोंडाबाई पायरीवर बसली तशी ती आतून म्हणाली, घ्यायचं असेल तर घे, पायरी भाड्यानं द्यायला ठेवलेली नाही. धोंडाबाई बसून राहिली. बाळाबाई पुन्हा बोलली. धोंडाबाई पुन्हा बसून राहिली. दोन हट्टी म्हशी एका डबक्याशी आल्यासारखा तो प्रकार सकाळभर चालला होता, असं मला घाटावरून येणाऱ्या एकानं सांगितलं.

पण धोंडाबाईनं पाहायचं ते पाहिलं. बाळाबाई माप भरायची, हलवायची नाही, दाबायची नाही, आणि वरून एक सरळ काठी फिरवायची. कोळ्याच्या मापावर तीच काठी, फौजदाराच्या घरच्या मापावर तीच. मोजताना लाभ म्हणायचीच नाही. एक, दोन, तीन. धोंडाबाईनं शेरभर घेतली. चरवीत ओतली, वळाच्या किंचित खाली. दोन दिवसांनी पुन्हा शेरभर घेतली. किंचित खाली, तितकीच. तिसऱ्यांदा घेतली. तितकीच.

"हेच पायजे," ती म्हणाली.

मी म्हटलं, बाई, ही माझ्या शेरापेक्षा कमी आहे, नाचणी गेल्या सालची आहे, वर तोंडाळपणा फुकट. यात पाहण्यासारखं काय आहे? तेव्हा तिनं मला समजावलं, आणि ते समजावणं माझ्या शास्त्रार्थापेक्षा बरं होतं. एका शेराच्या आठ भाकऱ्या होतात. कधी शीग, कधी खड्डा असं माप आलं तर कधी नऊ होणार, कधी सहा. मग पगाराच्या दिवसापर्यंत काय पुरणार आणि काय नाही, बाईमाणसानं ठरवायचं कसं? दर शेराला आठ म्हणजे आठ असतील तर ती मडक्याकडे न बघताही सांगू शकते. "मला जादा नगं," ती म्हणाली. "सारखं पायजे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोजराबाई आली. पालीवरून, राजगडाला वळसा घालून, अनवाणी, पाठीवर बोचकं. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता तिनं मडक्यात हात घातला. पगाराला सहा दिवस होते. मडक्यात नाचणी होती. तिनं हात बाहेर काढून बोटांकडे पाहिलं, जणू बोटांनीच चहाडी करावी. मग विचारलं, कुणाकडून आणलीस, आणि लाभ देतो का तो. धोंडाबाईनं खरं ते सांगितलं: बाई आहे, आणि लाभ देत नाही.

म्हातारीचं तोंड उतरलं नाही, चढलं. जिथं लाभ नाही तिथला दाणा धनगरानं खायचा? ती तशीच उठली आणि घाटाकडे निघाली. तिच्यामागं धोंडाबाई, तिच्यामागं हैबती, आणि दप्तराची वेळ टळत असतानाही सगळ्यांत मागं मी.

सोजराबाईनं बाळाबाईच्या पायरीवर पाय ठेवून एक शेर मागितला आणि म्हणाली, "लाभ धर आदी."

बाळाबाईनं मान वर केली नाही. "लाभ पायजे तर देवळात जा. हितं नाचनी मिळती."

मी डोळे मिटून घेतले. हैबती तर कोंडवाड्यातल्या गुरासारखा उभा होता. पण तेवढ्यात मामलेदारांचा गडी पिशवी घेऊन आला. साहेबांकडं पाहुणे आहेत, शीग लावून द्या, म्हणाला. बाळाबाईनं माप भरलं, काठी उचलली आणि मामलेदारांची शीग गुमान पोत्यात परत पाडली. गडी कुरकुरला. बाळाबाई म्हणाली, पाहुणे सायबाचे आहेत, मापाचे नाहीत. मग त्याच काठीनं तिनं सोजराबाईचा शेर सपाट केला आणि पुढं सरकवला.

सोजराबाई त्या काठीकडे बघत राहिली. चाळीस वर्षं तिनं खळ्यावर, रानात, बांधावर धान्य मोजून घेतलं होतं. "लाभ समद्यांनी दिला," ती हळू म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "पर समद्यांच्या मापाला येकच काठी लावलेली आजच बगतिया." पदरात शेर घेतला आणि मागं वळली.

पडवीशी आल्यावर म्हातारीनं पाणी मागितलं, प्यायली, आणि सुनेला म्हणाली, "ऱ्हा." एवढंच. धोंडाबाई खाली वाकून तिच्या पाया पडली, आणि उठताना डोळ्यांना पदर लावायच्या ऐवजी चुलीला फुंकर घालायला गेली. पुढचं काम होतं म्हणून. दसरा करून तिसऱ्या दिवशी सोजराबाई वर निघाली, जाताना बाळाबाईकडून दोन शेर मीठ घेऊन. सूनच नाही म्हटल्यावर वरचं काम वाढलं होतं, पण त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

ज्ञानोबाशेटकडे मी पुढंही जात राहिलो, खोटं कशाला सांगू. एकदा धीर करून म्हटलं, शेट, माझा शेर सपाट करा. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

सासू निघाली त्या संध्याकाळी धोंडाबाई ओट्याशी सूप घेऊन बसली होती. पलीकडे पडवीच्या दारात हैबती नेहमीच्या जागी बसला होता. मला वाटलं, एवढी लढाई जिंकलेल्या बाईला दोन गोड शब्द बोलायला लावावेत. मी विचारलं, "काय धोंडाबाई, बारा वर्षांनी नवरा रोज डोळ्यासमोर. आता कसं वाटतं?"

तिनं सूप पाखडलं, खडा वेचून लांब फेकला आणि म्हणाली, "घोरत्यात लई."